प्रिंटर शेवटी घ्या! घरगुती डेकलच्या जोडधंद्याबद्दल माझं स्पष्ट मत



स्केल मॉडेलसाठी घरच्या घरी डेकल कसे बनवायचे, हा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "सर, कुठला प्रिंटर घेऊ?" एका भावाने तर थेट विचारलं, की दिवाळीचा बोनस घालून आणि एक एफडी मोडून पांढरा रंग छापणारा प्रिंटर घ्यावा का. घरचे नको म्हणतायत, पण सर, तुम्ही हो म्हणालात तर घेतो.

भाऊ, मी नाही म्हणतोय. एफडी मोडू नका.

आता नुसतं "नाही" म्हणून मी मोकळा होणार नाही. कारण सांगतो, हिशोब मांडतो, आणि प्रिंटर नाही तर मग आधी काय घ्यायचं तेही सांगतो. माझं मत एका वाक्यात असं: डेकलच्या धंद्यात छपाई विकली जात नाही, अचूकपणा विकला जातो. म्हणून प्रिंटर ही या धंद्यातली शेवटची खरेदी असली पाहिजे, पहिली नाही.

आधी डेकल म्हणजे काय, ते दोन मिनिटांत

बबलगमसोबत मिळणारे, पाणी लावून हातावर उमटवायचे टॅटू आठवतात? त्याचाच हा मोठा भाऊ समजा. एक कागद असतो, त्यावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा थर, आणि त्याच्यावर एक अतिशय पातळ पारदर्शक फिल्म. छपाई त्या फिल्मवर होते. तुकडा कापून कोमट पाण्यात बुडवायचा, बाहेर काढून अर्धा मिनिट थांबायचं, की डिंक सुटतो आणि फिल्म बोटाने सरकवून मॉडेलवर बसवता येते.

साध्या स्टिकरला जाडी असते. छोट्या बसवर तो वरून चिकटवलेला दिसतो. डेकल मात्र पत्र्याच्या घडीत, रिव्हेटच्या उठावावर बसतो आणि रंगवल्यासारखा वाटतो. म्हणून हौशी माणूस त्यासाठी पैसे मोजतो.

दादर टीटीला उभं राहून बघा

हा धंदा कुठे आहे ते समजायला दादर टीटीला अर्धा तास उभं राहा. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. ३१ मार्च १९६४ ला मुंबईतली शेवटची ट्राम धावली, ती बोरीबंदरहून इथेच आली. ट्राम जाऊन साठ वर्षं झाली, पण नाव अजून तोंडात आहे. इथूनच पुण्याला जाणारी एशियाड पकडायला आपल्या वडिलांच्या पिढीने रांगा लावल्या. १५ सप्टेंबर २०२३ ला बेस्टची जुनी डिझेल डबल डेकर शेवटची धावली, तेव्हा लोकांनी तिला हार घातले, सेल्फी काढले. १९३७ पासून मुंबईत डबल डेकर होती, म्हणजे तीन-चार पिढ्यांची आठवण आहे ती.

आता सांगा, या गाड्यांचे अचूक डेकल बाजारात किती मिळतात? अमेरिकेतली मायक्रोस्केल, इटलीतली कार्टोग्राफ अशा कंपन्या वर्षानुवर्षं उत्तम डेकल छापतायत. छपाईत आपण त्यांच्या जवळपासही जाऊ शकत नाही, आणि जायची गरजही नाही. त्यांचा भर तिकडच्या रेल्वेवर, विमानांवर, शर्यतीच्या गाड्यांवर. आपल्या लाल परीच्या दारावरची अक्षरं, डेपोचं नाव, गावाची पाटी त्यांच्या यादीत कुठून असणार? ही जागा मोकळी आहे. पण ती भरायला लागते माहिती. प्रिंटर कोणीही विकत घेऊ शकतो.

पुढचा आकडा मराठीत असतो रे!

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझ्या एका बॅचमधल्या मुलाने परळच्या एका कुटुंबासाठी बेस्टच्या जुन्या बसचं मॉडेल केलं होतं. घरातले आजोबा निवृत्त कंडक्टर, त्यांच्या पंचाहत्तरीची भेट. छपाई झकास. लाल रंग सुरेख जुळलेला. आजोबांनी मॉडेल हातात घेतलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "छान आहे. पण पुढचा आकडा मराठीत असतो रे. इंग्रजी बाजूला."

संपलं. जुन्या कापडी रोलरच्या बसवर समोर मार्ग क्रमांक देवनागरी आकड्यांत असायचा, बाजूच्या पाटीवर इंग्रजीत. ज्या माणसाने आयुष्य त्या गाडीत काढलं, त्याला ते एका नजरेत दिसलं. पोराने पैसे परत दिले नाहीत, पण नवीन डेकल फुकट करून दिला आणि स्वतः जाऊन बसवून आला. दोन रविवार गेले.

यात प्रिंटरचा काही दोष होता का? लाखाचा प्रिंटर असता तरी त्याने चुकीचा आकडाच छापला असता, फक्त जास्त सुंदर!

एसटीचंही तसंच. जाणकार माणूस नंबर प्लेटवरून गाडी ओळखतो. एमएच १४ दिसलं तर दापोडीची बांधणी, एमएच २० तर चिकलठाणा, एमएच ४० तर नागपूरची हिंगणा कार्यशाळा, असा अंदाज तो बांधतो. तुम्ही भलत्याच मालिकेचा नंबर टाकलात तर तो काही बोलणार नाही. फक्त परत ऑर्डर देणार नाही.

देवनागरी लहान करताना काय होतं

इथे थोडं गणित करू, कारण या गणितातच तुमचं कौशल्य आहे. मोठ्या गाड्यांची नंबर प्लेट ३४० बाय २०० मिलिमीटरची असते. १:५० स्केलला ती होते ६.८ बाय ४ मिलिमीटर. प्लेटवरचं अक्षर ६५ मिलिमीटर उंच आणि त्याची रेघ १० मिलिमीटर जाड. स्केलमध्ये अक्षर १.३ मिलिमीटर आणि रेघ ०.२ मिलिमीटर. ६०० डीपीआयच्या प्रिंटरचा एक ठिपका साधारण ०.०४ मिलिमीटर, म्हणजे त्या रेघेला जेमतेम पाच ठिपके मिळाले. चालतंय. तीच प्लेट १:८७ ला करा. रेघेला तीन ठिपकेसुद्धा पुरे मिळत नाहीत.

हे झालं इंग्रजी अक्षरांचं. देवनागरीला शिरोरेघ आहे, वेलांटी आहे, उकार आहे, अनुस्वार आहे. अक्षर लहान केलं की आधी अनुस्वार नाहीसा होतो, मग "ध" आणि "घ" सारखे दिसायला लागतात, आणि जोडाक्षराचा तर गोळाच होतो. तेव्हा फॉन्ट नुसता बारीक करून भागत नाही. कुठली रेघ किंचित पातळ करायची, कुठली पोकळी किंचित मोठी ठेवायची, हे एकेक अक्षर बघून ठरवावं लागतं. संगणकावर बसून करायचं हे काम आहे, आणि ते शिकायला प्रिंटर लागत नाही. लागतो वेळ, आणि खऱ्या गाडीचे समोरून काढलेले चांगले फोटो.

पांढऱ्या रंगाची अडचण

महागडा प्रिंटर घ्यावासा वाटतो तो इथे. साध्या इंकजेट किंवा लेझर प्रिंटरमध्ये पांढरा रंग नसतोच. कागद पांढरा असतो म्हणून आपल्याला पांढरं दिसतं. शिवाय बाकीचे रंगही पारदर्शक. पारदर्शक डेकल पेपरवर पिवळी अक्षरं छापून लाल बसवर लावलीत, तर पिवळा खाली गेला आणि लाल वर आला असं होतं.

यावर प्रिंटर न घेता तीन मार्ग आहेत. पहिला, पांढऱ्या फिल्मचा डेकल पेपर घ्या, त्यावर पिवळं छापा आणि अगदी कडेने कापा. मोठ्या पट्ट्यांना, पाट्यांना, नंबर प्लेटला हे उत्तम. दुसरा, पांढऱ्या फिल्मवर अक्षराभोवतीची जागा बसच्याच लाल रंगात छापा आणि अक्षर कोरं सोडा. लाल जुळवायला चार-पाच चाचण्या लागतात, पण एकदा जुळला की त्या रंगाच्या सगळ्या गाड्यांना चालतो. तिसरा, बारीक सुटी पांढरी अक्षरं हवीच असतील, तर ज्यांच्याकडे पांढरा टोनर आहे अशा डिजिटल प्रिंटवाल्याकडून पानाच्या हिशोबाने छापून घ्या.

बाहेर छापायला जाताना एक काळजी. इंकजेटचा डेकल पेपर लेझर मशीनमध्ये अजिबात घालू नका. लेझरमध्ये कागद तापतो, फिल्म वितळून आत चिकटू शकते आणि दुसऱ्याच्या मशीनचा खर्च तुमच्या अंगावर येतो. लेझरचा म्हणून मिळणारा कागद पाकिटासकट घेऊन जा आणि दुकानदाराला दाखवून, विचारून मगच द्या.

आता हिशोब

हे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत. तुमच्या भागातले खरे आकडे घालून तुम्ही परत करा, पण पद्धत हीच ठेवा.

एका ए-फोर पानावर सहा संच बसतात. कागदासकट बाहेरची छपाई १८० रुपये. सहातला एक कापताना किंवा वॉर्निशमध्ये खराब होतो, म्हणून पाचांनी भागा, ३६ रुपये. पॅकिंग १५. वॉर्निश, कापणं, तपासणं, ग्राहकाशी मेसेजवर बोलणं यात वीस मिनिटं जातात. तासाला १५० रुपये धरले तर ५०. एकूण १०१ रुपये. संच २५० ला विकला, कुरिअर ग्राहकाकडे, तर हातात १४९ राहतात.

आता डिझाइन. फोटो काढणं, मापं घेणं, अक्षरं बसवणं याला १२ तास गेले. १,८०० रुपये. १४९ ने भागा. म्हणजे त्या गाडीचे तेरा संच विकले, की डिझाइनचे पैसे वसूल. चौदाव्या संचापासून खरा नफा. तेरा हा आकडा आवाक्यातला आहे की नाही?

आता प्रिंटर. समजा ६०,००० चा घेतला. घरी छापल्यावर पान १८० ऐवजी ९० ला पडलं. प्रत्येक संचामागे वाचले १८ रुपये. ६०,००० भागिले १८, म्हणजे ३,३३३ संच. तेवढे विकाल तेव्हा प्रिंटर फिटेल, तेही तो मध्ये एकदाही बिघडला नाही तर! या छंदाचे ग्राहक किती, हे तुम्हीच मनाला विचारा. म्हणून म्हणतो, तेरा संचांचं गणित आधी जमवा, ३,३३३ चं नंतर बघू.

या हिशोबात बहुतेक जण चुकतात ते एका जागी, स्वतःचा वेळ शून्य धरण्यात. "घरीच तर करतोय" म्हणून वेळ फुकट होत नाही. एखादा ग्राहक म्हणतो, माझे बाबा चालवायचे त्याच गाडीचा नंबर आणि त्यांचा डेपो टाकून द्या. मूळ डिझाइन तयार असेल तर बदलायला अर्धा तास लागतो. त्याचे ७५ आणि तुमच्या जबाबदारीचे थोडे, असे मिळून संच ३५० ला द्या. आणि मूळ डिझाइनच नसेल, तर डिझाइनचे पैसे वेगळे सांगा, आधीच सांगा. संकोच करू नका. शिंपी नुसत्या दोऱ्याचे पैसे घेतो का?

"पण सर..." म्हणणाऱ्यांसाठी

"पण सर, बाहेर छापलं तर डिझाइन चोरीला जाईल." जाऊ शकतं. म्हणून एका पानावर वेगवेगळ्या गाड्यांचे तुकडे मिसळून छापा आणि मूळ फाइल दुकानात ठेवू नका. तरी कोणी नक्कल केलीच, तर त्याच्याकडे एक पान असेल, तुमच्याकडे मापांची वही आणि फोटोंचा साठा असेल. पुढची गाडी कोण आधी आणणार?

"पण सर, घरी प्रिंटर असला की लगेच छापता येतं." बरोबर. घरात मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेला साधा इंकजेट असेल तर नमुने त्यावरच काढा. आधी साध्या कागदावर छापा, कापून मॉडेलवर ठेवून बघा, माप पटलं की मग डेकल पेपर. फक्त इंकजेटची शाई पाण्यात फुटते, म्हणून छापल्यावर नीट सुकू द्या, मग पारदर्शक ॲक्रिलिक वॉर्निशचे दोन-तीन पातळ हात द्या आणि पूर्ण वाळल्याशिवाय पाण्यात घालू नका. इथे घाई केली तर अक्षरं डोळ्यांदेखत वाहून जातात.

"पण सर, हा पूर्णवेळ धंदा होईल का?" खरं सांगू? बहुतेकांचा होणार नाही. हा जोडधंदा आहे. नोकरी सोडून यात उडी मारा असं मी कोणालाही सांगणार नाही. पण महिन्याला घरातला एखादा खर्च यातून निघाला, आणि धंद्याची शिस्त कमी पैशांत शिकता आली, तर ते कमी आहे का? पुढे मोठा धंदा करताना हीच शिस्त कामाला येते.

मुंबईच्या घरात करताना

आपली घरं लहान. स्प्रेचं वॉर्निश ज्वलनशील असतं, त्यामुळे गॅस, समई, उदबत्ती यांच्या आसपास अजिबात नको. खिडकी उघडी, तोंडाला मास्क, लहान मुलं दुसऱ्या खोलीत. चाळीच्या गॅलरीत करणार असाल तर शेजाऱ्यांचे कपडे वाळत आहेत का ते आधी बघा, नाहीतर धंद्याआधी भांडण!

दुसरं, पावसाळा. हवेत दमटपणा जास्त असला की स्प्रेचा थर दुधाळ होतो. डेकल पेपरसुद्धा ओल धरून वळतो. म्हणून कागद सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद पिशवीत ठेवा, आणि जून ते सप्टेंबर ग्राहकाला तारीख देताना चार दिवस जास्तीचे सांगा. गणपतीच्या देखाव्यात एसटी ठेवणारे शेवटच्या आठवड्यात जागे होतात. त्यांच्यासाठी माल मे महिन्यातच वॉर्निश करून ठेवा.

तिसरं, प्रत्येक संचासोबत मराठीत लावायची पद्धत द्या. रंग चकचकीत हवा, खरखरीत पृष्ठभागावर फिल्मखाली हवा अडकते आणि चंदेरी डाग दिसतात. त्यासाठी आधी ग्लॉस वॉर्निश, मग डेकल, मग वरून हवं तसं मॅट. अर्ध्या तक्रारी या एका चिठ्ठीने बंद होतात.

बोधचिन्ह दुसऱ्याचं असतं, हे विसरू नका

बेस्ट असो, एसटी असो, विमान कंपनी असो, त्यांचं नाव आणि बोधचिन्ह ही त्यांची मालमत्ता आहे. स्वतःच्या कपाटातल्या मॉडेलला लावणं वेगळं आणि छापून विकणं वेगळं. विक्री करायची असेल तर त्या संस्थेला रीतसर पत्र लिहून परवानगी मागा, आणि ट्रेडमार्कची माहिती असलेल्या वकिलाला एकदा विचारा. परवानगी येईपर्यंत काय विकायचं? नंबर प्लेट, गावांच्या पाट्या, "हॉर्न ओके प्लीज", ट्रकवरच्या नक्षीच्या पट्ट्या (नक्षी तुम्ही स्वतः काढलेली हवी), ग्राहकाच्या स्वतःच्या दुकानाचं किंवा टेम्पोचं नाव. यातही भरपूर काम आहे. फॉन्टचा परवानाही तपासा, सगळे फॉन्ट धंद्यासाठी मोफत नसतात.

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. परराज्यात माल पाठवणार असाल तर जीएसटीबद्दल आधी सीएला विचारा.

मग आधी काय घ्यायचं?

एक वही. एक स्टीलची पट्टी आणि धारदार कटर. डेकल पेपरचं एक छोटं पाकीट. वॉर्निशचा एक डबा. बस्स. डिझाइनसाठी इंकस्केप मोफत मिळतं. पहिले पंचवीस संच विका, आलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. शंभर संच झाले आणि बाहेरच्या छपाईमुळे ऑर्डर अडायला लागल्या, की त्या खात्यातल्या पैशांतून प्रिंटर घ्या. एफडीतून नाही.

या आठवड्याचा गृहपाठ: एक गाडी निवडा. एकच. रस्त्यावर, सुरक्षित जागी उभं राहून तिचे समोरून, बाजूने, मागून फोटो काढा. डेपोच्या आत परवानगीशिवाय जायचं नाही. तिच्यावरची सगळी अक्षरं वहीत उतरवा, जशीच्या तशी, मराठी कुठे आणि इंग्रजी कुठे ते लिहून. मग ती वही घेऊन त्या गाडीवर काम केलेल्या एखाद्या काका-मावशीकडे जा आणि विचारा, "यात काय चुकलंय?"

ते जे सांगतील ते लिहून घ्या. तुमचं पहिलं भांडवल ते आहे. भेटू पुढच्या व्हिडिओत.